भीतीला सोबत घेऊन बंगळूर

गाडी हलली तेव्हा खिडकीशी उभ्या असलेल्या ह्यांनी मला पुन्हा सांगितलं, की अजून उतरलीस तरी चालेल. मी नकारार्थी मान हलवली आणि खिडकीचे गज घट्ट धरून बसले. मिरजेहून बंगळूर म्हणजे काही परदेश नव्हे. पण त्या वर्षी माझ्यासाठी आमच्या गल्लीचं टोकसुद्धा लांब झालं होतं.

घडलं होतं एवढंच, की एका लग्नात पंगतीच्या गर्दीत मला भोवळ आली. डॉक्टरांनी सगळं तपासून काही नाही म्हणून सांगितलं. पण पुढच्या लग्नाला निघताना वाटलं, पुन्हा आली तर? मी गेले नाही. मग तेच एसटीत वाटू लागलं, देवळात वाटू लागलं आणि एके दिवशी वर्गात शिकवताना वाटलं. माझी एकेक जागा कमी होत गेली. अखेर शाळेतून लांब रजा घेऊन मी घरात बसले. हे शेजाऱ्यांना सांगत, हिला जरा अशक्तपणा आहे. घरात तो विषय कोणी काढत नसे.

अशात बंगळूरहून ह्यांच्या आतेबहिणीचा, सुमित्राअक्कांचा फोन आला. ह्यांनी त्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण अक्का म्हणाल्या, तिला माझ्याकडे पाठव. ह्यांना रजा नव्हती. ओळखीचं एक कुटुंब त्याच गाडीनं निघालं होतं, त्यांच्या भरवशावर मी निघाले.

सकाळी जाग आली ती तांबड्या मातीच्या मुलखात. रागीची (नाचणीची) कापलेली शेतं, मध्येच हत्ती बसल्यासारखे काळे खडक आणि नारळाच्या बागा. आमच्याकडच्या उसाच्या हिरव्या पट्ट्यांपेक्षा हे सगळं मोकळं आणि शांत वाटलं. तुमकूरला पानात बांधलेली गरम इडली घेतली. ती खाताना छातीत धडधड झाली, पण भूक तिच्याहून मोठी होती.

बंगळूरच्या यशवंतपूर स्टेशनावर अक्का उतरवून घ्यायला आल्या होत्या. किडकिडीत बांधा, सुती साडीवर लोकरी स्वेटर, डोक्याला रुमाल. बंगळूरचा तो जानेवारीचा गारठा मला नवा होता. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांची मराठी जुन्या वळणाची आणि कन्नडात भिजलेली. "बा गे मालती," (ये गं) त्या म्हणाल्या, "स्वल्प (थोडी) कॉफी घेऊ, मग घराला जाऊ." स्टेशनाबाहेर कांद्याच्या लॉऱ्या उभ्या होत्या. त्यांच्या आडोशाला एका छोट्या हॉटेलात उभ्यानं प्यायलेली ती कॉफी इतकी कडक होती, की माझी उरलीसुरली झोप उडाली.

अक्कांच्या पुढच्या खोलीत शिलाई मशिनं मांडलेली होती. गल्लीतल्या मुली तिथं ब्लाउज बेतायला शिकत. अक्कांचा मुलगा वसंत शहराबाहेर बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला होता. सकाळी कंपनीच्या बसनं जायचा, दिवेलागणीला यायचा. तो परतण्याची वेळ झाली, की अक्का मशिनवरून उठून उगाच दाराशी जाऊन यायच्या, हे माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अवरेकाळू (पावट्याचे दाणे) सोलत बसलो होतो. थंडीत तिथं घरोघरी तेच. भिजवून दाण्याचं साल काढायचं, मग त्याची आमटी. हातांना काम होतं म्हणून असेल, मी त्यांना सगळं सांगितलं. आधी धडधड, मग वाटतं आता पडणार, मग लोक जमणार, मग दवाखाना, मग ह्यांचं कसं होणार, इथपर्यंत मन एका दमात कसं जातं तेही सांगितलं. अक्कांनी मला धीर वगैरे दिला नाही. त्या म्हणाल्या, "मलाही येते गे भीती. रोज येते. बस उशिरा आली की आधी अपघातच दिसतो. मग मी तिला विचारते, तू डोळ्यांनी काय बघून आलीस? बघितलं नसशील तर ओट्यावर बस, मला काम आहे."

ती लगेच जाते का, असं मी विचारलं. बसते की ओट्यावर, अक्का म्हणाल्या, पण घरात येत नाही.

तिसऱ्या दिवशी अस्तराचं कापड आणायला त्या मला चिकपेटला घेऊन गेल्या. बसनं मॅजेस्टिकच्या मोठ्या स्टँडपर्यंत, तिथून पायी. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, जिथं नको वाटेल तिथून परत फिरू, त्यात हरल्यासारखं काही नाही. चिकपेटच्या गल्ल्या म्हणजे दोन्ही बाजूंनी साड्यांचे ढीग, वर कापडी छतं, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेतून माणसं, हमाल, स्कूटरी. अस्तर घेतलं, दुकानदाराशी अक्कांचं कन्नडातून भावावरून भांडण झालं, हसणंही झालं. बाहेर पडून थोडं चाललो, तोच कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली हातगाडी आमच्यामध्ये आडवी आली. ती गेली तेव्हा अक्का कुठंच नव्हत्या.

धडधड सुरू झाली. भाषा येत नाही, गाव माहीत नाही. मी एका साडीच्या दुकानाची पायरी गाठून बसले. दुकानदारानं कन्नडात काही विचारलं, मग हिंदीत विचारलं, की बरं वाटत नाही का. थोडं बसू द्या, एवढंच म्हटलं. त्यानं पंखा माझ्याकडे वळवला. मन दवाखान्याच्या वाटेला लागलंच होतं. तेव्हा मी स्वतःला विचारलं, डोळ्यांनी काय बघितलंस? हातगाडी बघितली. अक्का दिसेनाशा झाल्या, बस्. धडधड थांबली नाही, पण पुढचं चित्रही आलं नाही. अक्का मला शोधायला अस्तराच्या दुकानातच जातील, असं सुचलं आणि मी उठले.

अक्का तिथंच होत्या. पण स्टुलावर कोसळल्यासारख्या बसलेल्या, चेहरा राखेसारखा झालेला. मला बघताच त्या रडू लागल्या. मी कुठल्यातरी गल्लीत पडले असेन, असं त्यांना वाटलं होतं. काही वर्षांपूर्वी याच बाजारात त्यांचे यजमान "तू इथं थांब, आलोच" म्हणून गेले आणि वळणापर्यंत पोचतात तोच, अक्कांच्या डोळ्यांदेखत, छातीत कळ येऊन पडले, ते उठलेच नाहीत. हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांचाच प्रश्न त्यांना विचारावा, असं क्षणभर मनात आलं. पण त्यांनी ते डोळ्यांनी बघितलेलं होतं. मी शेजारी बसून त्यांचा हात धरून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांचा श्वास जागेवर आला.

"भीती वाढल्यावर विचारून चालत नाही गे," त्या म्हणाल्या. "तेव्हा कोणीतरी शेजारी बसायला पाहिजे. विचारायचं ते ती लहान असताना."

परतीच्या बसमध्ये त्यांनी सांगितलं, की यजमान गेल्यावर त्या कितीतरी दिवस या बाजाराकडे फिरकल्या नव्हत्या. मग एकदा नुसत्या बाजाराच्या तोंडापर्यंत आल्या, कॉफी प्यायल्या आणि परत गेल्या. पुढच्या खेपेला पहिल्या दुकानापर्यंत. असं करत बाजार परत मिळवला. तो एकदाच मिळवून भागत नाही, असंही त्या म्हणाल्या.

उरलेले दिवस मीही तेच केलं. आधी एकटीनं कोपऱ्यावरून कोथिंबीर आणली, मग यशवंतपूरच्या बाजारातून पावट्याच्या शेंगा. एका संध्याकाळी वसंतला खरोखरच फार उशीर झाला. तेव्हा अक्का आणि मी दोघी ओट्यावर जाऊन बसलो. गप्पा मारत राहिलो, आणि तो आला. होसूर रस्त्यावर बस बंद पडली होती, म्हणाला. अक्कांनी त्याला वाढलं.

परत निघताना सोबत कोणी नव्हतं. अक्का म्हणाल्या, वसंतला पाठवते. मी नको म्हटलं.

मिरजेला हे फलाटावर होते. माझी पिशवी घेत त्यांनी हळू आवाजात, आजूबाजूला बघत विचारलं, "गेली का गं ती?"

"गेली कुठं," मी म्हटलं. "धारवाडला डब्यात आली होती. दोन-तीन स्टेशनं बसली समोर, मग उतरून गेली."

हे आधी गोंधळले, मग हसले. जिन्याकडे जाताना त्यांनी विचारलं, ती येते तेव्हा नेमकं काय होतं तुला? इतक्या महिन्यांत हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. रिक्षा न घेता आम्ही चालत निघालो आणि मी त्यांना सांगू लागले.