खांदमळणीची हळद

तुपात कालवलेल्या हळदीचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं. तेव्हा मी अकोल्यात जठारपेठेत राहायचे आणि दर रविवारी माझ्या पांढऱ्या, झुबकेदार केसांच्या कुत्रीला घेऊन दर्यापूरकडे काकांच्या गावी जायचे. शेताकडच्या पांदणीच्या वाटेनं ती सोयाबीनच्या कडेकडेनं उधळायची, अंगभर गोखरूचे काटे घेऊन यायची, आणि मी वरवर ब्रश फिरवून तिचे फोटो काढायचे. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदमळणीला, मी चहा घेऊन अंगणात आले तर काकांनी बैलांचे केस कापायच्या कात्रीनं तिला पार भादरून टाकलेलं. "कोणाले इचारून हात लावला तुमी तिले?" मी ओरडले. "हा गुलाबी उंदीर घेऊन मी सोसायटीत जाऊ कशी?" काकांनी मान वर केली नाही. बैलांच्या खांद्याला चोळायची तूप-हळद ते तिच्या काखेत लावत होते. "फोटो काढून राहिली होती ना, मंग हाही काढ," म्हणत त्यांनी तिचा पाय उचलला. केसांच्या गुठळीखाली गोखरू कातडीत रुतून जखम चिघळली होती. "बैलाले असं ठेवलं असतं तर गावानं जोड्यानं हाणलं असतं मले." मी चहा तिथेच ओतला, कुत्री उचलली आणि मिळेल त्या जीपनं निघून आले. काकांशी मी अजून बोलत नाही. ते चुकले असते, तर एव्हाना माफ केलं असतं.