बिनआवाजाची पिकअप

महाडच्या हारूनला इंजिनाबद्दल काही विचारू नये. विचारलंत तर समोरचा चहा गार होतो, दुसरा मागवावा लागतो आणि तोही गार होतो. पिकअपला जुनं डिझेल इंजिन चांगलं की नवं टर्बोवालं, या एका प्रश्नावर त्याने पुरी दोन वर्षं घालवली. मुलीला स्थळ बघायला लोक एवढा वेळ घेत नाहीत. आता तो स्वतःच हे सगळं सांगतो, आणि सांगताना बाकी सगळ्यांना माफ करतो, स्वतःला तेवढं सोडत नाही.

धंदा त्याचा साधा. रोज सकाळी महाडहून निघायचं, बिरवाडी मागे टाकून शिवथरच्या खोऱ्यात शेवटच्या वाडीपर्यंत चढायचं, तिथून उलटं फिरून दहाच्या आत महाडला. जाताना सिमेंट, खत, दुकानांचा माल. येताना कोंबड्यांचे डालगे, फणस, भाताच्या गोणी आणि त्यांच्या मधे जागा होईल तशी माणसं. सोळा वर्षं हीच लाईन, आणि सोळा वर्षं तीच गाडी. तिचं इंजिन सुरू झालं की शेजाऱ्यांच्या मांडणीवरची भांडी हलत. पण हारून म्हणे, इंजिन असावं तर असं. बिघडलं तर सायकलच्या ट्यूबची पट्टी, हातभर तार आणि दोन शिव्या, एवढ्यात घरी येतं. नव्या इंजिनाचं काही बिनसलं की पनवेलहून माणूस यायचा. तोवर आपण काय गाडीला वारा घालत बसायचं?

या गाडीपेक्षाही त्याला एका गोष्टीचा जास्त गर्व होता. खोऱ्यात तो कुठेही पोचला की माणसं आधीच रस्त्यावर येऊन उभी असत. हॉर्न मारायला नको, थांबायला नको. एसटीची लोक वाट बघतात, कंटाळतात, शिव्या घालतात. हारूनची गाडी वळणावर दिसायच्या आत बायाबापड्या डालगे घेऊन हजर. हे तो पोलादपूरच्या स्टँडवर सांगे, जमातीच्या बैठकीत सांगे, आणि घरी बायकोला, सकिनाला, आठवड्यातून एकदा तरी सांगे. "लोकांचं प्रेम हाय," म्हणायचा. सकिना तांदूळ निवडत राहायची. तिने कधी होय म्हटलं नाही, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं.

तर असा हा जुन्या इंजिनाचा कैवारी, एका दिवसात फितूर झाला. झालं असं की पोलादपूरहून महाबळेश्वरला भाडं घेऊन तो आंबेनळी घाट चढत होता. पहिल्या गिअरवर, धूर सोडत, ताशी किती ते विचारू नका. मागून नवी पिकअप आली आणि भरल्या मालासकट अलगद पुढे निघून गेली. त्याचं त्याला एवढं लागलं नसतं. पण पुढे जाताना तो ड्रायव्हर टेपवरच्या गाण्याच्या तालावर मान हलवताना हारूनला दिसला. हारूनने आपला टेप कधीच काढून टाकला होता. इंजिनापुढे तो ऐकूच येत नसे.

पुढचं काम पुतण्याने केलं. मुसैब कुवेतहून सुट्टीवर आला होता. तो काकाला नवी गाडी दाखवायला घेऊन गेला, इंजिन चालू केलं आणि काचेपुढच्या सपाट जागेवर चहाचा भरलेला ग्लास ठेवला. हारून पाच मिनिटं त्या ग्लासाकडे बघत बसला. थेंब सांडला नाही. दोन वर्षांचं सगळं तत्त्वज्ञान त्या एका ग्लासात बुडालं, आणि महिन्याभरात नवी गाडी दारात आली. दोन हजार चारची गोष्ट ही. जुनी गाडी बिरवाडीच्या गोमाजीने घेतली. त्याला विटा वाहायच्या होत्या. देताना हारूनने त्याला तासभर उपदेश केला. गोमाजी गरीब माणूस, त्याने ऐकून घेतला.

पहिल्या सकाळी हारून इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. खोऱ्यातले लोक नवी गाडी बघून काय म्हणतील, आपण काय म्हणायचं, हे सगळं त्याने आदल्या दिवशी ठरवून ठेवलं होतं. आपण म्हणायचं, तुमच्यासाठीच घेतली. पहिल्या वाडीला कुणी नव्हतं. असेल, म्हणाला, भातकापणीचे दिवस आहेत. दुसऱ्या वाडीला कुणी नव्हतं. तिसऱ्या वाडीला एक कुत्रं होतं, तेही उठलं नाही. शेवटच्या वाडीवर बंद दुकानाच्या ओट्यावर माल उतरवून तो हळूहळू परत आला, इतका हळू की वाटेत कुणी बघेल तर म्हणेल याचं काही हरवलंय. महाडला पोचला तो मोकळ्या गाडीने.

दुसऱ्या दिवशीही तेच. मग मात्र हारूनचं डोकं चालायला लागलं, आणि ते एकदा चालायला लागलं की त्याला ब्रेक नाही. लोक जळतात. पुतण्याच्या कुवेतच्या कमाईवर जळतात. नाहीतर कुणीतरी सांगितलंय की हारून आता भाडं वाढवणार. नाहीतर गाडीचा हिरवा रंग कुणाच्या तरी डोळ्यांत खुपतोय. सोळा वर्षांची माणसं आणि दोन दिवसांत पाठ फिरवली. जेवताना हे सगळं तो सकिनाला सांगत होता आणि सांगता सांगता त्याचे डोळे भरून आले. सकिनाने विचारलं, "कुणाला इचारलंस का पण?" विचारणार कोण? आपण आणि त्यांना विचारायचं? नाव नको.

तिसऱ्या दिवशी खोऱ्यातून रिकामा उतरताना बिरवाडीच्या अलीकडे त्याला पुढे धूर दिसला. धूर ओळखीचा होता. त्याचीच जुनी गाडी, मागे पंधरा-वीस माणसं, आणि पुढच्या सीटवर डालगा मांडीवर घेऊन शेवटच्या वाडीची बयाबाई. बयाबाई म्हणजे हारूनची पहिली पॅसेंजर. कोंबड्या आणि अंडी घेऊन आठवड्यातून तीनदा महाडला यायची. हारूनच्या अंगाची लाही लाही झाली. गोमाजीने दगा दिला. विटांचं नाव सांगून लाईन पळवली. आणि ही म्हातारी त्याच्या शेजारी बसून जाते.

महाडच्या बाजारात त्याने दोघांना गाठलं. गोमाजी बिचारा घाबरला. म्हणाला, मी विटांसाठीच अर्ध्या वाटेपर्यंत वर गेलो होतो, तिथून परत फिरलो तर माणसं रस्त्यावर उभी. मी थांबलो, ती चढली. दुसऱ्या दिवशीही चढली. मी काय करू, उतरा म्हणू?

बयाबाईला मात्र हारूनला बघून आनंदच झाला. "बरा झालास व्हय रे?" तिने विचारलं. "आमी म्हटलं तू आजारी हाईस, म्हणून गाडी गोमाजीला चालवाय दिलीस."

मग तिने सांगितलं ते असं. हारूनची गाडी ओढ्यावरच्या साकवापाशी चढाला लागली की तिची घरघर वर सगळ्या वाड्यांना ऐकू जाते. ती ऐकली की बयाबाई चूल विझवते, डालगा उचलते आणि उतरायला लागते. ती रस्त्यावर पोचते आणि गाडी येते. सगळ्यांचं तसंच. खोऱ्यात घड्याळ बघून कुणी घर सोडत नाही. गेले तीन दिवस गाडीचा आवाज आला, लोक उतरले, गाडीत बसले. त्याआधी तासभर हारून नवी गाडी घेऊन तिथूनच वर गेला होता, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

हारून सांगतो की त्या वेळी त्याला कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. सोळा वर्षं ज्याला लोकांचं प्रेम म्हणत होता, ती इंजिनाची घरघर होती. गोमाजीने चालवली काय, आणि बिनड्रायव्हरची आली काय, लोक उतरणार होतेच.

पण लाईन सोडून चालणार नव्हतं. खोरं गेलं तर हारूनकडे उरत काय? चौथ्या दिवशी त्याने अक्कल चालवली आणि साकवापासून जो हॉर्न दाबला तो वाडी येईपर्यंत सोडला नाही. लोक आले. धावत आले. बाया पदर सावरत, ठेचकाळत, एक म्हातारी तर रडतच. त्या खोऱ्यात सलग हॉर्न मारत गाडी चढते ती एकाच कारणासाठी: मुंबईहून कुणाचं तरी मढं आलेलं असतं. हैबती नावाचा वाडीचा जुना माणूस काठी टेकत पुढे आला आणि गाडीच्या मागच्या बाजूला वाकून बघायला लागला. तिथे खताच्या गोणी बघून तो जे बोलला ते हारून कुणाला सांगत नाही. त्या दिवशीही तो रिकामाच आला.

त्या दुपारी त्याने ठरवलं की गोमाजीचे पाय धरायचे आणि जुनी गाडी परत घ्यायची. नवं इंजिन चुलीत गेलं. सकिनाने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हाक मारायला गाडीच लागते का? तुला गळा हाय ना?"

पन्नाशीच्या माणसाने, हाजींच्या घरातल्या, रस्त्यात उभं राहून भाजीवाल्यासारखं ओरडायचं! हारून रात्रभर कुढला आणि सकाळी साकवापाशी गाडी थांबवून खाली उतरला. इकडेतिकडे बघितलं. कुणी बघत नाही याची खात्री केली, म्हणजे ज्यांना बोलवायचं तेच बघत नाहीत याची. मग तोंडाला हात लावून हाक मारली, "बयाबाय गोऽ!" पहिली हाक घशातच किरकिरली. दुसरी बरी गेली. तिसरी डोंगराला लागली.

मग पुढच्याला हाक मारायला त्याने तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. नाव कुणाचं घ्यायचं? फणसवाला, वरच्या वाडीची जाडी बाय, मुंबईहून आलेला काळा चष्मा. सोळा वर्षांत त्याला नावं ठाऊक होती तीन. बयाबाई, हैबती, आणि तिसरं त्याला तेव्हा आठवेना. शेवटी तो नुसताच "चला होऽ" म्हणून ओरडला.

पंधरा मिनिटांनी बयाबाई डालगा घेऊन उतरली. कोण आरडतंय ते बघायलाच आले, म्हणाली. पुढच्या सीटवर बसली, डालगा मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे निरखून बघितलं. "तुझा आवाज असा बारीक हाय व्हय? मला वाटायचा मोठा."

गाडी निघाली. आत इतकं शांत होतं की डालग्यातल्या कोंबड्यांची कुजबुज ऐकू येत होती. हारूनला राहवलं नाही. मनातली सगळी मळमळ त्याने बाहेर काढली. म्हणाला, चार दिवस मी तुमच्या दारावरनं जात होतो, मावशे, कुणाला माझी आठवण झाली नाय, मला किती लागलं ते माझं मला ठाऊक.

बयाबाईने मान हलवली. तिला ते खरंच कळलं होतं. "लागतंच रे," ती म्हणाली. "मी पण किती येळा उशिरा उतरले, शेतातनं हाका मारत धावले, थांब रे हारून, थांब रे. तू कदी ऐकलंस नाय. पोरीला सर्पानं डसलं तवा पण मारल्या. गाडी गेली निघून."

हारूनने गाडी बाजूला घेतली. पोरीचं काय झालं? बयाबाईनेच सांगितलं, बिनविषारी होतं, वाचली, आता तिला दोन पोरं आहेत. "तुझा काय दोष?" ती म्हणाली. "गाडीच तसली होती."

त्या दिवशी त्याने दोन्ही काचा पूर्ण खाली केल्या. शिवथर ते महाड एवढ्या वाटेत तो अकरा वेळा थांबला. पाच वेळा माणसं चढली. उरलेल्या सहा वेळा तो गाडी बंद करून, मान बाहेर काढून, डोंगराकडे कान लावून बसला, आणि शेवटी बयाबाईला त्याच्या दंडाला धरून हलवावं लागलं.

"चल रे बाबा. तो म्हशीला हाक मारतोय."