दोन भजनांच्या मधलं बोलणं

मला शांततेत एक ओळ सुचत नाही. कादंबरी लिहिताना कानात दादाची भजनं लागायची. दादा हिंगणीला शेती करतो, गुरुवारी मंडळात गायचा. मी वर्ध्याला राहते. एका गुरुवारी गेले आणि मोबाईल त्याच्या पेटीपाशी ठेवून तीन तासांचं रेकॉर्डिंग करून आणलं.

गाणं सुरेख, पण दोन भजनांच्या मधे हा माणूस गप्प बसेल तर शपथ! खंजिरीवाल्याला, "काऊन बे, जेवला नाई का आज?" वहिनीला, "चहात साखर टाकजो, मागल्या खेपेले विसरली होती." मला, "आमची लेखिका आली, आता समद्याइले पुस्तकात घालते." हे आलं की माझी तंद्री मोडायची. एका दुपारी चिडून बसले आणि त्याचं सगळं बोलणं कापून टाकलं. मोबाईलमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ रेकॉर्डिंगही उडवलं. स्वतःच्या हुशारीचं कौतुकसुद्धा वाटलं.

कादंबरी आली. गद्याला लय आहे, असं चार लोकांनी लिहिलं. ती कुणाकडून उचलली ते मी कुठेच सांगितलं नाही. अर्पणपत्रिकेत गुरुजनांना पुढे केलं. भजन ऐकून लिहिते म्हणायची लाज वाटली, दुसरं काय!

दादाने जन्मभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला. मागच्या वर्षी घशाचा कॅन्सर निघाला, सावंगीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता खुणा करतो, नाहीतर पाटीवर लिहितो.

परवा हिंगणीला गेले तर वहिनी म्हणाली, "बाई, तुमच्यापाशी ह्यांचा आवाज हाये ना? आयकवा बरं." मी मोबाईल लावला. दादा गळ्याभोवती दुपट्टा गुंडाळून शेजारीच बसला होता. वहिनीने एक भजन ऐकलं, दुसरं ऐकलं, तिसरं सुरू होताच माझा हात धरला.

"हे तं देवाले म्हणून राह्यले. मधात बोलत होते ना? मले चहाचं बोलले होते त्या दिवशी. ते लावा."

खरं सांगायची हिंमत झाली नाही. म्हटलं, "ते रेकॉर्डच नाही झालं, वहिनी. मधे मधे बंद पडत होता मोबाईल."

तिने दादाकडे पाहिलं. मोबाईल तीन तास त्याच्या मांडीपाशी चालू होता. त्यानेच दोनदा सरळ करून ठेवला होता. तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता पाटी ओढतो आणि लिहितो. मग त्याने वहिनीकडे वळून मान डोलावली, खरंच, बंद पडत होता.

वहिनीने लगेच विश्वास ठेवला.