सात नंबरचा बुडबुडा

एका कॉलेजातल्या प्राध्यापकाने माझा मित्र दत्ता याला फसवलं. आधी हे लिहितो, मग बाकीचं.

दत्ता गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चिंचपोकळीच्या माझ्या गाळ्यात काचपट्ट्यांची खोकी बांधत होतो. छातीत कळ आली आणि संपलं... पंचेचाळिशीही गाठली नाही. मी शाळांना परीक्षानळ्या, भिंगं, काचपट्ट्या विकतो. हातगाडीपासून सुरुवात केली आणि घासाघीस करून उभा राहिलो. दत्ता त्या कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता. माल घ्यायला यायचा, त्यातून मैत्री झाली.

तीनेक वर्षांपूर्वी संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांमुळे कॉलेज वरचेवर बंद असायचं. रस्त्यावर घोषणा, आणि हा रिकाम्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी कागदावर काढत बसलेला. मराठी शाळांना मराठी तक्ता मिळावा, एवढाच ध्यास. मी म्हणालो, "अरे, पुस्तकातले सगळे भाग घाल की. भरलेला दिसला तर खपेल." तो म्हणाला, "या नळीतून दिसत नाही ते काढणार नाही, आणि दिसतं ते सोडणार नाही." बाहेरची भिंत, तिला आतून चिकटलेला पेशीद्रव्याचा पातळ थर, मधली सगळी जागा अडवून बसलेली पाण्याने भरलेली रिक्तिका, आणि तिने कडेला ढकललेलं केंद्रक. सगळ्या पेशीचा कारभार तिथून चालतो, तोही स्वतःच्या वेगळ्या पडद्याआडून, हे त्यानेच मला शिकवलं. केंद्रकाशेजारी, पेशीवरच चढलेलं, एक काळ्या कडेचं वर्तुळ होतं, त्यावर सात नंबर. "हे रे काय?" "हवेचा बुडबुडा. वरची काच घाईने ठेवली की अडकतो. पोरं आधी हाच बघतात आणि ओरडतात, सर, पेशी दिसली!" म्हणून तक्त्याच्या तळाशी त्याने स्वच्छ लिहिलं होतं : सात हा पेशीचा भाग नव्हे.

प्राध्यापकांनी तक्ता तपासायला म्हणून नेला. काही महिन्यांनी तोच छापून माझ्याच गाळ्यात विक्रीला आला, त्यांच्या नावाने. तळाची ओळ उडवलेली. आणि सातपुढे लिहिलेलं : अन्नसाठ्याचा कण, कार्य अन्न साठवणे!

दत्ताला ओढतच त्यांच्याकडे नेलं. सभांमधून मराठीचा कैवार घेणारा हा गृहस्थ म्हणाला, "अहो, तक्ता मराठीत आला ना? या दिवसांत नावासाठी भांडायचं?" मी म्हणालो, "साहेब, नाव तुमचं आणि त्याग त्याचा, हा कुठला सौदा?" दत्ता मात्र हळूच म्हणाला, "सर, नाव राहू द्या. सातचं तेवढं सुधारा." ते हसले आणि उठले.

बाहेर आल्यावर दत्ता म्हणाला, "मीच शाळांना पत्रं लिहितो." मी त्याच्यावर उखडलो. "येडा आहेस का? तो बुडबुडा आपला पुरावा आहे, तो फक्त तुझ्याच काचपट्टीवर होता. चूक आत्ताच फोडलीस तर ते गुपचूप सुधारून मोकळे होतील. मग चोरी कशी दाखवणार? जरा दम धर." "आणि तोवर पोरांनी काय शिकायचं?" मी आवाज आणखी चढवला. तो गप्प बसला. दोन वर्षं बसला... तेवढ्यात तक्ता शाळाशाळांतून भिंतीवर चढला.

यंदा त्याच्या मुलीला, वसुधाला, परीक्षेत पेशीची आकृती आली. बापाने शिकवली तशी तिने काढली. बाईंनी गुण कापून लाल शाईने लिहिलं, अन्नसाठा राहिला. तो गेल्यावर दादरला त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तो पेपर घेऊन संध्याकाळभर बसले होते. वसू विचारत होती, बाबा, तुम्ही चुकीचं का शिकवलंत?" त्या संध्याकाळनंतर आठवड्याने तो गेला.

त्याला मी गप्प बसवलं. वहिनींसमोर ते कबूल केलं, त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आता तुमची पाळी, प्राध्यापकसाहेब. वसुधाच्या वर्गात या, फळ्यासमोर उभे राहा, आणि हवेचा बुडबुडा अन्न कुठे साठवतो ते त्या मुलींना समजावून सांगा.