चुडीवरचे हात

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात ठकूबाईची वाडी. इथली रीत अशी, की शिमग्याचा होम पेटवायची चूड एकट्याने धरायची नाही. घरटी एक हात तिच्यावर पडला पाहिजे. एकाने जरी हात काढला, तर चूड मातीत विझवायची. होमच कशाला, डोंगराचं गवत जाळायचं तरी नियम तोच. मुंबईकर पोरं हसतात. हसोत बापडी! ही रीत कशी पडली ते कळलं तर दातखीळ बसेल त्यांची.

ती पडली ठकूबाईच्या नवऱ्यापायी. सयाजी तेव्हा गावकीचा पुढारी आणि राग सदा नाकावर. कुरणावरून वरच्या वाडीशी वाजलेलं. कुणीतरी कानाशी लागलं, वरचे तुमच्या गवताच्या उडव्या जाळणार. झालं! ना गावकी बसवली, ना कुणाला विचारलं. "त्यांच्या आधी आपण," म्हणत भर दुपारी एकटाच चूड घेऊन वर गेला आणि त्यांच्याच उडव्या पेटवून आला. वरची सगळी वाडी बिरवाडीला लग्नाला गेलेली, म्हणजे माणसाला धक्का लागायचा नाही, असं त्याने धरून चाललेलं. पण वरच्या वाडीतली प्रयागबाई तापाने फणफणून उडवीच्या सावलीला पडली होती. तिला उठताही आलं नाही. वरच्यांच्या मनात जाळपोळ नव्हतीच, हेही मागाहून कळलं. सयाजी माणसांतून उठला तो उठलाच, आणि तसाच गेला.

प्रयागबाई आणि ठकूबाई एकाच माहेरच्या. त्या सकाळी ठकूबाईच तिला पेज देऊन आली होती. प्रयागबाई तिथे पडलीय हे खालच्या वाडीत एकट्या ठकूबाईला ठाऊक होतं, आणि तिला कुणी विचारलंच नाही. हे तिने आजवर कुणाजवळ बोलून दाखवलं नाही. बोलणार तरी कुठल्या तोंडाने? पण चूल धडधडली की कानाशी प्रयागबाई बोलते, "पेज लय गरम हाय गो ठके, जरा निवू दे." ठकूबाई चुलीकडे पाठ करून बसते. बाई आगीत मेली, पण बोलायची काय थांबत नाही.

यंदा शिमग्याच्या दिवशी नात पूजा जेवताना मोबाइलमधलं वाचून दाखवत होती. पूजा महाडला कॉलेजात शिकते. "आजी, अमेरिकेत अणुबॉम्ब टाकायचा हुकूम एकटा राष्ट्राध्यक्ष देऊ शकतो. संसदेला विचारल्याशिवाय पहिला बॉम्ब टाकायचा नाही, असा कायदा करा म्हणून काही जण मागे लागलेत. पण तो होतच नाही."

ठकूबाईचा घास हातातच राहिला. "म्हंजे चूड एकट्याच्याच हातात?"

"हो."

"आनि आपल्याकडं?"

"आपण आधी टाकणार नाही असं सांगितलंय. पण तो कायदा नाही, नुसता शब्द आहे."

"गावकीला इचारल्याबिगर काय करनार नाय, असा शब्द तं ह्यांनीबी दिला व्हता," ठकूबाई म्हणाली आणि ताट सारून उठली.

तिन्हीसांजेला होमाभोवती वाडी जमली. नातू विनीत आता गावकीचा पुढारी, आणि नाक थेट आजोबाचं. पाण्याच्या पाइपावरून वरच्या वाडीशी पुन्हा धुसफूस चाललेली. मोबाइलवर निरोप आला होता, वरचे आज आपली काजूची बाग पेटवणार. विनीतने चूड शिलगावली.

"होम राहू दे. आधी डोंगराचं गवत पेटवू. आग वर चढंल, मग बघू त्यांची मस्ती! रीत मोडत नाय मी. घाला हात."

भराभर हात पडले. रागावलेली माणसं, एकानेही मागेपुढे पाहिलं नाही. रीत पाळायला कितीसा वेळ लागतो हो! घरचा हात ठकूबाईचा असायचा, तोही सवयीने चुडीवर गेला. बोटांना धग लागली आणि कानाशी आवाज आला, जरा निवू दे.

तिने हात काढला.

"आजी, घाल हात," विनीत दात आवळून म्हणाला. "वर कोण नाय. सगळी जत्रंला गेलीत."

"तुझा आजाबी असंच म्हनला व्हता." ठकूबाई म्हणाली. "वर प्रयागी व्हती रे! तापानं पडलेली. मला ठावं व्हतं. मीच पेज दिली व्हती तिला. ह्यांनी मला नुसतं इचारलं असतं..."

चूड विनीतच्या हाताकडे जळत येत होती.

"तवा कुनी इचारलं नाय. आज इचारलंस, म्हनून सांगते. नाय!"

विनीतने चूड मातीत खुपसली. यंदा वाडीत होम पेटला नाही.