याच जन्मी मामंजी

वारा पहाटेपासूनच पिसाळला होता. दक्षिण आफ्रिकेतल्या न्यू ब्रायटन वस्तीमधल्या धोबिणींचं पोर्ट एलिझाबेथच्या वाऱ्याशी उभं वैर. नोफेझिले गदुकानं बंगल्यावरच्या चादरी पिळून दोरीवर टाकायच्या, आणि वाऱ्यानं त्या उचलून शेजारच्या कोंबड्यांच्या अंगावर पांघरायच्या, असा खेळ चालला होता. नोफेझिलेच्या दातांत चिमटे होते, तरी तोंडातून शिव्या सुटतच होत्या. त्या वाऱ्याला होत्या की सरकारला, हे मात्र कळत नव्हतं.

"ताई, आज कोर्ट न्हवं का तुझं?" शेजारणीनं कुंपणावरून विचारलं.

"हाय की. पन कोर्ट हाय म्हून चादरी आपल्या आपण वाळत्यात व्हय?"

नोफेझिले धोबिणींच्या युनियनची पुढारी होती. आणि बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पार्टीची गुप्त सभासद. गुप्त म्हणजे इतकी, की वस्तीत फक्त त्या कोंबड्यांनाच ठाऊक नव्हतं. पार्टीच्या रात्रशाळेत ती अक्षरं शिकली, आणि लगेच धोबिणींना शिकवायला लागली. तिचा सगळा मार्क्सवाद एका बादलीत मावायचा. "साबण आपला, पाणी आपण भरायचं, हात आपलं सोलवटायचं; मग बाई बंगल्यात बसून कशाची सावकार झाली गं?" एवढं म्हटलं की धोबिणी संपावर.

मागच्या खेपेला मॅजिस्ट्रेटनं दम भरला होता: सभेत पुन्हा 'इंकुलुलेको' म्हणालीस तर सरळ तुरुंग. इंकुलुलेको म्हणजे स्वातंत्र्य. आता पोलिसांनी खटला भरला होता, की बाजाराजवळच्या सभेत ती तेच ओरडली. नवरा दूर जोहान्सबर्गच्या खाणीत. ती आत गेली तर तीन पोरं, मोतीबिंदूची सासू आणि बंगल्यांचं धुणं, सगळं सासऱ्याच्या गळ्यात. आणि सरकारनं साक्षीला बोलावलं होतं नेमकं सासऱ्यालाच. कारण म्हातारा चर्चमधला प्रवचनकार, आणि कम्युनिस्ट म्हटलं की त्याच्या पोटात कळ उठायची, हे अख्ख्या वस्तीला माहीत.

म्हातारा काळा कोट घालून मक्याच्या पेजेवर आंबट दूध ओतत बसला होता.

"मामंजी," नोफेझिलेनं दुरूनच, नजर खाली ठेवून विचारलं, "काय सांगनार तुमी तितं?"

"बायबलावर हात ठिवून खोटं बोलू म्हनतीस?"

"मी कुटं काय म्हनलं?"

"मग विचारतीस कशापायी? जे खरं हाय ते सांगनार. तुरुंगात गेलीस तर जा. मला विचारून पुढारी झालीवतीस?"

नोफेझिलेनं चिमट्यांचा डबा आपटला. एवढंच सुनेच्या हातात होतं.

खरी गोम अशी, की म्हाताऱ्याचं नाव होतं खुलुलेकिले, म्हणजे मोकळा झालेला. आणि खोसा जमातीच्या घरातल्या सुनेनं सासऱ्याचं नाव तर घ्यायचं नाहीच, पण नावासारखा वाजणारा शब्दसुद्धा जिभेवर येऊ द्यायचा नाही. 'खुलु' म्हणजे मोठा, तोही गेला. म्हणून युनियनचा मोठा मोर्चा नोफेझिलेच्या तोंडी 'जाडा मोर्चा' व्हायचा. 'खुलुला' म्हणजे सोडवणं, तेही गेलं. म्हणून ती गाठ सोडायची नाही, गाठीची 'समजूत काढायची.' आणि इंकुलुलेको तर पाळामुळांसकट गेलं.

केपटाऊनहून आलेले चष्मेवाले कॉम्रेड म्फुंडो यावर फार कळवळले होते.

"कॉम्रेड, ही सरंजामी रूढी आहे! तुम्ही भौतिकवादी ना?"

"मी हाय हो. सासू न्हाई."

"पण स्वातंत्र्य हा शब्द न उच्चारता स्वातंत्र्याची लढाई कशी लढणार?"

"सासऱ्याचं नाव न घेता तीन पोरं वाढवली की. जमंल."

आणि तिनं जमवलंही. त्या सभेत गाडीवर चढून, मूठ आवळून ती गरजली, "आमाला काय पायजे? मामंजी! कवा पायजेत? याच जन्मी! गोऱ्यांनी आपनहून दिलं न्हाईत, तर मामंजी आमी हिसकून घिऊ!" माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडला आणि पाच हजार माणसं ओरडली, "मामंजी! मामंजी!" नेमका त्याच वेळी म्हातारा चर्चमधून घरी निघाला होता. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. त्यानंतर तो सुनेशी धड बोलतच नव्हता.

कोर्टात आधी डिटेक्टिव्ह म्बोंबो उभा राहिला. आरोपी इंकुलुलेको असं ओरडली, म्हणाला.

"हाच शब्द?" नोफेझिलेच्या वकिलानं विचारलं.

"अर्थ तोच."

"शब्द विचारतोय."

म्बोंबो चुळबुळला. "शब्द... मामंजी."

"मग स्वातंत्र्य कुठून आणलंत?"

"सगळ्या वस्तीला ठाऊक आहे, साहेब!"

"मला ठाऊक नाही," मॅजिस्ट्रेट कोरडेपणानं म्हणाले. "मामंजीला बोलवा."

म्हाताऱ्यानं शपथ घेतली. नोफेझिलेनं आरोपीच्या पिंजऱ्यातही त्याच्यासमोर मान खाली घातली; सवयच होती.

"तुमची सून सभेत इंकुलुलेको म्हणाली का?" सरकारी वकिलानं विचारलं.

"न्हाई."

"नीट आठवा. शपथेवर आहात."

"शपथंवरच सांगतो. लगीन होऊन घरात आली तवापास्नं ह्या बाईनं त्यो शब्द काढला न्हाई. माझं नावच त्ये, साहेब. ही सरकारला भ्यायची न्हाई, पन तशी बेअदबी करनार न्हाई."

"मग ती काय मागत होती?"

"मला."

"तुम्हाला?"

"व्हय. याच जन्मी."

मॅजिस्ट्रेटनी चष्मा काढला. "पण तुम्ही राहता कुठे?"

"तिच्याच घरात."

"मग ती तुम्हाला मागते कशाला?"

"त्येच मी तिला इचारनार हुतो," म्हातारा म्हणाला, "पन आमी तवापास्नं धड बोलत न्हाई."

मागच्या बाकांवरच्या धोबिणींनी अंगावरच्या शालींची टोकं तोंडात कोंबली. मॅजिस्ट्रेटनी नोफेझिलेला फर्मावलं, "आरोपी, तो शब्द इथे म्हणून दाखव." तिनं तोंड उघडलं, म्हाताऱ्याकडे चोरून पाहिलं आणि मिटलं. सरकारी वकिलानं दटावलं, तरी ओठ शिवलेलेच. मॅजिस्ट्रेटनी खटला काढून टाकला.

परतीच्या वाटेवर म्हातारा पुढे, सून मागे.

"तुमची पार्टी मला आवडत न्हाई," म्हातारा मागं न वळता म्हणाला.

"ठाव हाय, मामंजी."

"आन माझ्या नावानं गावभर वरडत फिरायचं न्हाई."

"बरं."

म्हातारा चार पावलं चालला. "पन मला हिसकून घेनारा तसा कोन हाय तुमच्यात?"

नोफेझिलेनं हसू गिळलं. "कुनाची माय व्याली न्हाई."

घरी पोचेपर्यंत वाऱ्यानं दोन चादरी पुन्हा कोंबड्यांना नेसवल्या होत्या. दारात बंगल्यावरचं नवं गाठोडं येऊन पडलं होतं, करकचून बांधलेलं. नोफेझिलेनं बाह्या सारल्या आणि बादली नळाखाली लावली.

"मामंजी," ती नजर खाली ठेवूनच म्हणाली, "तेवढी त्या गाठोड्याची समजूत काढता का?"

म्हाताऱ्यानं काळा कोट खुंटीला लावला, उकिडवा बसला आणि गाठीला दात लावले.