पारोळ्याची भारतमाता

पारोळ्यात ज्योत्स्नाला ज्योत्स्ना म्हणणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. बाजारात शिरली की भाजीवालीसुद्धा म्हणायची, "सरका रे, भारतमाता उनी." सातवीत असताना पंधरा ऑगस्टला तिला पहिल्यांदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं केलं, डोक्यावर मुकुट, हातात झेंडा. तीन तास पोरीची पापणी हलली नाही. मग काय, दरवर्षी तीच. लग्न झालं, अंगणवाडीत सेविका म्हणून लागली, चाळिशी आली, तरी मुकुट तिच्याच डोक्यावर. तिलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला.

मोतीलाल नानांनी नेमकं हेच हेरलं. नाना भुसावळला रेल्वेत होते, निवृत्त होऊन गावी आले ते नाटकाचं खूळ घेऊनच. त्यांनी स्पर्धेसाठी नाटक बसवलं. भारतमाता तासभर स्टुलावर उभी. पुढारी येतात, हार घालतात, भाषणं ठोकतात, निघून जातात. शेवटी डोक्यावर मोळी घेतलेली एक मजूरबाई येते, जमिनीवर बसते, वर हात करून म्हणते, "माय, तुना पाय दुखी ग्यात. बठ." भारतमाता मुकुट काढते, खाली उतरते आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसते. संपलं नाटक. नाना म्हणायचे, "बाकीचं गेलं खड्ड्यात. नाटक त्या बसण्यात शे."

मजूरबाई झाली होती दिवालीबाई. सातपुड्याच्या पायथ्याची, कापूस वेचायला पारोळ्याकडे आलेली. तिला वाचता येत नव्हतं. ज्योत्स्ना वाक्यं म्हणून दाखवायची, ती एकदा ऐकून पाठ करायची. महिनाभराच्या तालमीत दोघींची चांगली गट्टी जमली.

प्रयोग धुळ्याला होता. भारतमातेला जमिनीवर बसवतात, अशी बोंब आधीच झालेली. मागच्या रांगांत पाच-पंचवीस जण ठरवूनच येऊन बसले. दिवालीबाईने हात वर केला, "बठ" म्हणाली, आणि मागून कुणीतरी राष्ट्रगीत सुरू केलं. सगळं थिएटर उभं राहिलं. ज्योत्स्नाचा एक पाय स्टुलावरून सुटला होता, तो आपोआप वर गेला. टाचा जुळल्या, मान ताठ झाली. रोज सकाळी पोरांना सावधान शिकवणारं अंग ते, त्याने तिला विचारलंसुद्धा नाही. खाली दिवालीबाई हात वर करून तशीच बसून होती.

दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या फोनवर तोच व्हिडिओ. एक ताठ उभी, दुसरी खुशाल बसलेली. ज्योत्स्नाचा सत्कार झाला, शाल मिळाली. तिथे कुणीतरी माईक पुढे करून विचारलं, "ताई, ती बाई मुद्दामच बसली ना?" एक वाक्य पुरलं असतं. तिचं बसणं नाटकातलं होतं, चुकले ती मी. पण ज्योत्स्नाच्या डोळ्यांपुढे अंगणवाडीची नोकरी आली. "मला नाही माहीत," ती म्हणाली. एवढ्यानेच दिवालीबाईचं वाटोळं झालं. तिला चौकीत दिवसभर बसवून ठेवलं. नानांनी हातापाया पडून सोडवून आणलं, तर मुकादमाने कामावरून काढलं. ती पाड्यावर निघून गेली.

ज्योत्स्ना चार-पाच महिने आतल्या आत कुढत राहिली आणि मग एके दिवशी एसटी धरून पाड्यावर गेली. दिवालीबाई दारात मोहाची फुलं वाळत घालत होती. राग नाही, रुसवा नाही. उठून पाणी दिलं. चार शिव्या दिल्या असत्या तर ज्योत्स्नाला बरं वाटलं असतं. माफी मागायला तिने तोंड उघडलं, पण भलतंच विचारून बसली, "सगळे उठले तेव्हा तू का नाही उठलीस?"

दिवालीबाई फुलं पसरतच राहिली.

"तुना पाय सुटना व्हता, तो मी दखा व्हता," ती म्हणाली. "माले वाटनं, तू येशी. तू येशी आन मी जागावर नही, आसं कसं व्हई?"